मुक्कामाचें गांव

यंदा आमच्या घरांत रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं माजघरांत नकाशा पसरला जातो. धाकटा पुतण्या आणि सूनबाई यांनीं येत्या उन्हाळ्यांत युरोपांत जावयाचें ठरविलें आहे. मोठीं शहरें त्यांना नको आहेत. लहान, देखणीं गांवें पाहावयाचीं आहेत. हेतु उत्तम आहे. परंतु त्यांनीं केलेल्या यादींत गांवें सतरा असून हाताशीं दिवस अकरा आहेत. "काका, तुम्ही जाऊन आलेले आहां, यांतलीं कोणतीं ठेवूं नि कोणतीं गाळूं, तेवढें सांगा," असें म्हणून पुतण्यानें ती यादी माझ्या हातीं दिली. निबंध तपासण्यांत जन्म गेल्यामुळें लाल शाईची लेखणी माझ्या हातीं आपोआप आली.

यादींतील प्रत्येक नांवापुढें एक चित्र होतें. तळें, तळ्यांत उलटें पडलेलें देवळाच्या मनोऱ्याचें प्रतिबिंब, खिडकींतील फुलांच्या कुंड्या, मागें बर्फाचा डोंगर. सतराही चित्रें मीं क्रमानें पाहिलीं आणि शेवटच्या चित्राशीं पोंचेपर्यंत पहिलें कोणतें होतें तें विसरून गेलों. नुसत्या छायाचित्रावरून स्थळ पक्कें करूं नये, घर पाहावें, माणसें पाहावीं, असें आपल्याकडील वडीलधारीं माणसें सांगत असत. गांवाच्या बाबतींतही तोच नियम लावावा असें माझें मत झालें आहे. मात्र तें मत मला ग्रंथांनीं दिलें नाहीं. आमच्या वहिनींनीं दिलें.

सन २०२३ च्या जून-जुलैमध्यें मी, आमची मंडळी आणि वहिनी असे तिघे युरोपांत गेलों होतों. चिरंजीव नोकरीनिमित्त झुरिकला असतो. पहिले आठ दिवस येथील एका प्रवासी संस्थेबरोबर हिंडावयाचें आणि पुढील दहा दिवस मुलाकडे राहावयाचें, असा बेत होता. (ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या दोन्ही देशांस एकच प्रवेशपत्र चालतें, ही एक मोठीच सोय.) वहिनी त्या वेळीं बहात्तर वर्षांच्या होत्या. थोरल्या बंधूंच्या मागें दापोली तालुक्यांतील आमचें जुनें घर त्याच राखतात. काशीपलीकडे त्यांनीं प्रवास केलेला नव्हता. निघण्यापूर्वीं त्यांनीं मला एकच गोष्ट सांगितली. "भाऊजी, मला राजवाडे नि मनोरे नकोत. एखादें गांव दाखवा. तिकडच्या बायका पाणी कुठें भरतात, गोठा कसा झाडतात, तें मला पाहायचें आहे." मीं हसून होकार दिला. कार्यक्रमपत्रिकेंत गांवें पुष्कळ होतीं.

त्यांतलें पहिलें आणि सर्वांत गाजलेलें म्हणजे ऑस्ट्रियांतील हालस्टाट. पुतण्याच्या यादींतही तेंच अग्रस्थानीं आहे, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. हें गांव खरोखरच सुंदर आहे, यांत वाद नाहीं. एका बाजूला खोल तळें, दुसऱ्या बाजूला उभा कडा, आणि मध्यें जी चिंचोळी पट्टी उरली तिच्यावर एकावर एक रचल्यासारखीं घरें. १८९० सालीं कडा फोडून रस्ता होईपर्यंत तेथें होडीनें किंवा पाऊलवाटेनेंच जावें लागे. आजही आगगाडीचें स्थानक तळ्याच्या पैलतीरास आहे व गाडीला जोडून होडी सुटते. या गांवाचें पोट मात्र तळ्यावर नव्हे, तर वरच्या डोंगरांतील मिठावर चालत आलें आहे. तेथील मिठाची खाण हजारों वर्षांची जुनी. खाणींत सांपडलेला एक लांकडी जिना ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांतील आहे. १७३४ सालीं त्याच खाणींत मिठानें जसेंच्या तसें राखलेलें एका प्राचीन खाणकामगाराचें प्रेत मिळालें. १८४६ पासून तेथें जें विस्तीर्ण पुरातन स्मशान उकरलें गेलें, त्यावरून युरोपच्या लोहयुगाच्या आरंभींच्या संस्कृतीला विद्वानांनीं या गांवाचेंच नांव दिलें. खारें पाणी खालीं एबेनझे येथवर नेण्यासाठीं सतराव्या शतकाच्या आरंभीं झाडांचीं खोडें पोखरून सुमारें चाळीस किलोमीटरांची नळवाट करण्यांत आली. तिचा मार्ग आजही पायीं चालतां येतो.

हें सारें मला कसें ठाऊक? परत आल्यावर वाचलें म्हणून. तेथें यांतलें एक अक्षर आम्हांस दिसलें नाहीं. आमची बस ठरलेल्या वेळीं आली व ठरलेल्या वेळीं जाणार होती; मध्यें अडीच तास. त्यांपैकीं पाऊण तास एका विशिष्ट कोपऱ्यावर उभें राहून विशिष्ट चित्र काढण्याच्या रांगेंत गेला. गांवाची वस्ती आठशेंच्याही आंत. हंगामांत एका दिवसांत दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें आहे. चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांत तर २०१२ सालीं या गांवाची हुबेहूब प्रतिकृतिच उभारली गेली. आम्ही गेलों त्याच्या आदल्या महिन्यांत त्या चित्राच्या जागीं लांकडी कुंपण घालून दृश्य झांकण्याचा प्रयोग तेथील लोकांनीं करून पाहिला होता व ओरड होतांच तें काढलें होतें. आम्ही परतल्यावर दोन महिन्यांनीं गांवकऱ्यांनीं रस्त्यावर उतरून बसगाड्यांची संख्या आंवरा असें गाऱ्हाणें मांडलें. हें वाचलें तेव्हां मला त्यांचा राग आला नाहीं. कारण मधला एक प्रसंग मी पाहिला होता.

आमच्या मंडळींतील एका गृहस्थांनीं चांगलें चित्र यावें म्हणून एका घराचें लहानसें फाटक उघडलें व ते आंतल्या पायरीवर जाऊन उभे राहिले. खिडकींत एक बाई होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें आणि खिडकीचीं दोन्ही दारें ओढून घेतलीं. वहिनी माझ्या शेजारीं होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आपण कुणाच्या तरी अंगणांत उभे आहोंत हो." एवढें बोलून त्या एकट्याच चढणीच्या वाटेनें निघाल्या. त्यांच्यामागून मी वर गेलों तों देवळामागील स्मशानभूमि लागली. तेथील अस्थिगृहांत सुमारें बाराशें कवट्या ओळीनें मांडून ठेविल्या आहेत. त्यांतील निम्म्यांवर मृताचें नांव व फुलापानांची नक्षी रंगविलेली आहे. जागा इतकी अपुरी कीं जुन्या माणसांनीं कांहीं वर्षांनीं उठून नव्यांस जागा करून द्यावी लागे! वहिनी आंत गेल्या नाहींत. एक म्हातारी झारीनें थडग्यावरील फुलांना पाणी घालीत होती, तिच्याकडे त्या पाहत राहिल्या. दोघींची नजरानजर होऊन माना हालल्या. तेवढ्यांत खालून आमच्या मार्गदर्शकाची शीळ आली.

त्या रात्रीं उतारूगृहांत वहिनींनीं जें सांगितलें तें मला पूर्वीं ठाऊक नव्हतें, याची मला लाज वाटली. आमच्या गांवावरून समुद्राकडे जाणारा रस्ता रुंद झाल्यापासून सुटीच्या दिवशीं मोटारी येतात. जुनें कौलारू घर दिसलें कीं थांबतात. एके सकाळीं वहिनी तुळशीला पाणी घालीत असतां दोन तरुण अंगणांत आले, त्यांनीं चित्रें घेतलीं व एकजण अगदीं अदबीनें म्हणाला, "काकू, जरा पुन्हां एकदां पाणी घालतां का? मघां ऊन नव्हतें." वहिनींनीं घातलें. "नाहीं म्हणतां आलें नाहीं हो. पाहुणा दारीं आलेला. पण मग वाटलें, हें पाणी मी कोणाला घातलें?" आमच्या मंडळींनीं डोळे पुसले, मी उठून खिडकी लावण्याचें निमित्त केलें.

पुढें दोन दिवसांनीं स्वित्झर्लंडमध्यें ब्रिएन्झ तळ्याच्या कांठीं इझेल्टवाल्ड नांवाच्या गांवीं बस थांबली. वस्ती चारशेंच्या आसपास. एका कोरियन मालिकेंत तेथील लांकडी धक्का दिसल्यामुळें पूर्वेकडील प्रवाशांची एवढी रीघ लागली कीं ग्रामपंचायतीनें त्याच वर्षीं धक्क्यावर फिरतें दार बसवून पांच फ्रँक घेण्यास आरंभ केला. आम्हीं पैसे भरले नाहींत. धक्का दुरूनही तितकाच दिसत होता. आपल्या हिंदी चित्रपटांनीं याच देशाच्या कुरणांस जें केलें तें आठवून कोरियन लोकांस नांवें ठेवण्याचा धीरही झाला नाहीं.

झुरिकला पोंचल्यावर मुलानें पुढील दहा दिवसांचा कार्यक्रम आंखूनच ठेविला होता. रोज एक गांव, सकाळीं जाणें, रात्रीं परत येणें. स्विस रेल्वेच्या वक्तशीरपणामुळें तें शक्यही होतें. मीं तो कागद बाजूस सारला. वहिनींचें गांव अद्याप झालेलें नव्हतें, आणि दहा गांवें पाहून तें होणार नव्हतें. मीं म्हटलें, "दोनच गांवें. प्रत्येक ठिकाणीं निदान तीन रात्री." मुलगा म्हणाला, "बाबा, तिथें तीन दिवस करणार काय?" हा प्रश्न पुतण्यानेंही परवां विचारला. यांतच सारें आलें, असें मला वाटतें. जेथें काय करावयाचें हें आधीं ठाऊक असतें तेथें आपण तेवढेंच करून येतों.

पहिलें गांव निवडलें तें माझ्या हौसेखातर. स्वित्झर्लंडच्या आग्नेयेस एंगादीन नांवाचें खोरें आहे. तेथील लोक रोमांश बोलतात. लॅटिन भाषेपासून जी प्राकृतें निपजलीं त्यांतील ही एक लहानशी व डोंगरांत दडून राहिलेली भाषा. तिच्या लिहिण्याच्या रीतीच पांच आहेत, एकेका खोऱ्याची एकेक. बोलणारे साठ हजारांच्या घरांत. तरी १९३८ सालीं साऱ्या देशानें कौल देऊन तिला चौथी राष्ट्रभाषा म्हणून मान्यता दिली. प्राकृत आणि संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला याहून मोठें देवालय कोणतें? त्या खोऱ्यांतील ग्वार्दा हें गांव आम्हीं ठरविलें.

झुरिकहून लांडक्वार्टपर्यंत मोठी गाडी, पुढें आपल्या मीटर गेजसारखी तांबडी लहान गाडी. क्लोस्टर्सपलीकडे एकोणीस किलोमीटरांचा व्हेरेइना बोगदा लागतो. तो १९९९ सालीं खुला झाल्यापासून हें खोरें जवळ आलें. त्या मार्गावरील लहान स्थानकांवर आधीं बटण दाबून कळविलें तरच गाडी थांबते. आमच्या मंडळींस तें सांखळी ओढण्यासारखें वाटून दंड होईल अशी धास्ती पडली होती. स्थानक खालीं आणि गांव वर. मध्यें टपालखात्याची पिवळी बस. या बसच्या कर्ण्याचे तीन स्वर रोसिनी नांवाच्या संगीतकाराच्या 'विल्हेल्म टेल' या नाटकाच्या आरंभींच्या वाद्यसंगीतांतून घेतलेले आहेत. घाटाच्या वळणावर ते ऐकूं आले कीं समोरची मोटार आदबीनें थांबते.

सोळाशें मीटरांहून अधिक उंचीवर, दक्षिणेकडे तोंड करून ग्वार्दा बसलें आहे. १६२२ च्या सुमारास ऑस्ट्रियन फौजेनें हें खोरें जाळलें. आजचीं बहुतेक घरें त्यानंतरचीं. जाड भिंती, खोल कोनाड्यांत बसविलेल्या लहान खिडक्या, आणि दर्शनी बाजूस एवढा मोठा कमानदार दरवाजा कीं गवतानें भरलेली गाडी घरांतूनच थेट मागील कोठारांत जावी. वहिनी त्या दरवाजासमोर उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "म्हणजे गवत पाहुण्यासारखें पुढच्या दारानें येतें." भिंतींवर गिलाव्याच्या वरील पांढरा थर खरवडून खालचा करडा थर उघडा पाडीत मासे, सूर्य, वेली काढलेल्या आहेत. पुष्कळ घरांवर रोमांश भाषेंत बोधवचनें कोरलेलीं आहेत. मी वही घेऊन तीं उतरूं लागलों व आमच्या मंडळींनीं मला दुपारच्या जेवणासाठीं तीन वेळां हांक मारली. 'त्राइस' म्हणजे त्रय, 'सेत' म्हणजे सप्त, 'नोउव' म्हणजे नव, 'देश' म्हणजे दश. सकाळीं भेटणारा माणूस 'बुन दी' म्हणतो. त्यांतील 'दी' आणि आपला दिवस हे एकाच कुळांतले. एरव्हीं कोणीही भेटला कीं 'अल्लेग्रा' म्हणतो, म्हणजे आनंदी राहा. आमच्या वहिनी दुसऱ्या दिवसापासून 'अल्लेग्रा' म्हणूं लागल्या व त्यांना उत्तरही मिळूं लागलें. मी व्युत्पत्तींत अडकलों होतों.

हें गांव आपोआप असें राहिलेलें नाहीं. १९३९ ते ४५ या युद्धकाळांत तेथील घरें पद्धतशीरपणें दुरुस्त करण्यांत आलीं. १९७५ सालीं जुन्या वास्तु जपल्याबद्दल त्यास वाक्कर पारितोषिक मिळालें. सेलीना क्योंत्स यांनीं लिहिलेली व १९४५ सालीं प्रसिद्ध झालेली लहान उर्स्लीची चित्रकथा याच गांवाच्या घरांवरून रंगविलेली आहे. तेथें एक मार्चला मुलें गळ्यांत घंटा अडकवून थंडीला हांकून लावतात. लहान घंटा मिळाल्यामुळें हिरमुसलेला उर्स्ली मोठी घंटा आणण्यासाठीं बर्फांतून वरच्या झोंपडींत एकटाच जातो, एवढीच गोष्ट. त्या सणाच्या नांवांत लॅटिन पंचांगांतील मार्चची पहिली तिथि आहे. आरडाओरड्याची रीत आपल्या शिमग्याची बहीण शोभेल.

येथें कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे, कारण मासिकाच्या वाचक भगिनी त्या प्रथम विचारतील. आम्हीं स्वयंपाकघरासह जागा घेतली. अशा जागा पुष्कळदां तीन रात्रींहून कमी मुदतीस कोणी देत नाहीं, कित्येक तर शनिवार ते शनिवार आठवड्याचाच हिशेब धरतात. खेडें म्हणजे स्वस्त हा आपला समज तेथें चालत नाहीं. रविवारीं दुकानें बंद असतात. आदल्या दिवशींच भाजी आणावी. एवढ्या उंचीवर पाणी पंच्याण्णव अंशांच्या आंतच उकळतें, त्यामुळें उघड्या भांड्यांत तुरीची डाळ तासभर ठेवूनही बोटानें दबत नाहीं. वहिनींनीं सामानांत लहान कुकर घेतला होता. विमानतळावर त्यावरून मीं त्यांची थट्टा केली होती. ती मीं परत घेतली. तेथील पारंपरिक चीजमध्यें वासराच्या जठरांतील रेनेट घालतात, तेव्हां ज्यांना तें वर्ज्य असेल त्यांनीं विचारून घ्यावें. अक्रोडाची एक गोड वडी त्या खोऱ्याची खासियत आहे. तिच्या कवचांत अंडें असतें कीं नाहीं हें मीं विचारलें नाहीं व कोणीं सांगितलेंही नाहीं. देवळाची घंटा रात्रभर दर पाव तासानें पडते. पहिल्या रात्रीं झोंप येत नाहीं, तिसऱ्या रात्रीं घंटा चुकली तर जाग येईल असें वाटतें. आणि जुलैंत सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. सायंसंध्या करावी केव्हां, जेवणापूर्वीं कीं नंतर, हा प्रश्न मीं तीन दिवस तीन प्रकारें सोडविला.

संध्याकाळीं पांचच्या बसनें दिवसाचे पाहुणे परत गेले कीं गांव स्वतःकडे वळतें. कारंज्याच्या दगडी हौदावर मुलें बसतात, कोणी दारांत बाजेसारखा बांक टाकतो, कोणी बाग शिंपतो. आम्ही कोपऱ्यावर बसत असूं. कोणी आम्हांकडे विशेष पाहत नसे, हेंच सुख. तरीही वहिनी तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, "फार छान आहे भाऊजी. पण घरें अगदीं दिवाळीच्या आदल्या दिवसासारखीं आहेत. रोजचें कुठें आहे?" बक्षीस मिळविलेल्या गांवाविषयीं याहून नेमकी टीका मी केली नसती.

तेव्हां दुसरें गांव निराळ्या रीतीनें शोधलें. मुलाच्या मोबाइलवर त्या प्रांतांतील बसगाड्यांचीं वेळापत्रकें होतीं. बसचा मार्ग जेथें संपतो अशीं गांवें मी पाहत गेलों. त्यांतील कांहींच्या रकान्यांत एक खूण होती: ही फेरी शाळेच्या दिवशींच. मास्तराला आणखी काय हवें? जेथून मुलें शाळेंत जातात तेथें आयाही असणार, गोठाही असणार. चित्र पाहावयाचेंच नाहीं, असा मीं निश्चय केला. एका शेतकऱ्याच्या घरांतील वरचा मजला मिळाला. पोंचलों तों शाळेला सुटी लागलेली होती, ही गोष्ट निराळी.

गांव पाहण्यासारखें नव्हतें असें कोणी म्हणेल. देऊळ साधें, रस्ता एकच, दोन घरांवर पत्रे. परंतु चहूं बाजूंस गवताच्या उभ्या उतरणी, आणि कापणी चाललेली. जेथें यंत्र जात नाहीं अशा चढावर माणसें लांब दांड्याच्या कोयत्यानें गवत कापतात, दोनतीन दिवस उन्हांत वाळवितात आणि मग दांताळ्यानें ओढून कोठारांत घालतात. थंडीचे सात महिने गुरांचा जीव त्यावरच. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मागच्या डोंगरावरून ढग आला. खालच्या उतारावर घरची म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडें घाईघाईनें गवत गोळा करूं लागलीं. आम्ही सज्जांत चहा घेत होतों. वहिनींनीं पेला खालीं ठेवला, पदर खोंचला आणि मी कांहीं बोलण्यापूर्वींच त्या उतारावर होत्या. कोंपऱ्यांत एक लांकडी दांताळें पडलें होतें तें त्यांनीं उचललें. म्हातारीनें चमकून पाहिलें. मग तिनें दोन पावलें बाजूस सरून वहिनींना जागा दिली, जशी आपल्याकडे पाटावरवंट्याशीं एक बाई दुसरीला देते.

आगोटीपूर्वीं पेंढा आंत घेण्याची सवय असलेले ते हात होते. वीस मिनिटें त्या दोघी खालपासून वरपर्यंत एका लयींत ओढीत गेल्या. मी व चिरंजीव लाजेखातर धांवलों; मुलाला काम जमलें, मला नातवानें भारा बांधण्यास दोर धरावयास दिला. पहिले थेंब आले तेव्हां निम्म्याहून अधिक गवत आंत होतें. उरलेलें भिजलें. म्हातारीच्या मुलानें त्याकडे पाहून खांदे उडविले.

नंतर तिनें वहिनींना हात धरून गोठा दाखविला. उन्हाळ्यांत गुरें वरच्या कुरणांवर गेलेलीं असतात व सप्टेंबरांत उतरतात, त्यामुळें गोठा रिकामा व झाडून ठेवलेला होता. तुळईला गाईंच्या घंटा टांगलेल्या. घरच्या दुधापुरती एकच गाय मागें ठेवली होती. वहिनींनीं तिच्या मानेखालीं खाजविलें. त्यांना रोमांश येत नव्हती, म्हातारीला मराठी; तरी दोघी तासभर बोलत होत्या. मीं मधें पडून जर्मनचे दोन शब्द वापरून भाषांतर करूं पाहिलें तेव्हां वहिनींनीं मला हातानेंच गप्प केलें. त्या प्रसंगाचें एकही चित्र आमच्याजवळ नाहीं. मुलानें मोबाइल काढला होता. वहिनींनीं त्याच्याकडे नुसतें पाहिलें आणि त्यानें तो खिशांत ठेवला.

या गांवाचें नांव मी येथें देत नाहीं. लेखाचा खर्डा वहिनींना फोनवर वाचून दाखविला तेव्हां त्यांनीं तेवढें एक नांव खोडावयास लावलें. "ग्वार्दा राहूं द्या. त्यांनीं पाहुण्यांची तयारी केली आहे, बस आहे, उतरायच्या जागा आहेत. हिनें काय केली आहे? तुमच्या मासिकाच्या पांच घरांनीं वाचून पांच गाड्या गेल्या तर?" मीं म्हटलें, "वहिनी, आपणही त्या गाड्यांपैकींच होतों." त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "होतों. म्हणून तर सांगतें."

पुतण्याची यादी मीं काल परत केली. सतरांपैकीं हालस्टाट मीं खोडलेलें नाहीं. मात्र शेजारीं लिहिलें आहे कीं आगगाडीनें व होडीनें जा, दोन रात्री राहा, आणि तळें सोडून आधीं मिठाची खाण पाहा. ग्वार्दा राहिलें आहे. चवदा नांवांवर रेघ आहे. सूनबाईचें तोंड थोडें उतरलें, कारण त्यांत तिच्या मैत्रिणींनीं पाहिलेलीं तीन होतीं. त्यांतलें एक, तिनें रदबदली केल्यावर, मीं पुन्हां ठिपके देऊन जिवंत केलें. शेवटीं पेन्सिलीनें एक नांव जोडलें आहे व यादी कोणास दाखवूं नये असें दोघांस बजावलें आहे.

आज सकाळीं दापोलीहून वहिनींची पुडी आली. आंत आमसुलें आहेत, ओल लागूं नये म्हणून दुहेरी पिशवींत बांधलेलीं, आणि बरोबर माझ्यासाठीं चिठ्ठी. म्हातारीचें नांव त्यांनाही ठाऊक नाहीं. चिठ्ठींत पत्ता असा: बस थांबते तेथून वर, हौदापासून तिसरें घर, दारांत बांक. ती नसली तर सुनेजवळ द्यावीं, आणि पाण्यांत भिजवून साखर घालावी हें खुणेनें सांगावें.